हुकमापासून शिरस्त्यापर्यंत

एखाद्या कंपनीत दोन-तीनशे संगणक, पंधरा-वीस स्विच, चार-दोन राउटर आणि या सर्वांवर विसंबून असणारा कर्मचारीवर्ग एकत्र आला, म्हणजे त्या जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या कारभाऱ्यास एक प्रश्न लौकरच पडतो. तेच ते काम रोज प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हाताने करणे अशक्य. तेव्हा ते लिहून ठेवावयाचे आणि यंत्राकडूनच करवून घ्यावयाचे, हे उघड आहे. परंतु लिहावयाचे कशात? कोणी शेलचे नाव घेतो, कोणी पॉवरशेलचे, कोणी पायथनचे, कोणी अ‍ॅन्सिबलचे, आणि प्रत्येकजण आपापल्या साधनाचा कैवार हिरिरीने घेतो. या वादाला अर्धशतकाहून अधिक काळाची परंपरा आहे, आणि ती क्रमाने पाहत गेले असता एक गोष्ट मनावर ठसते: यंत्र आपला कारभार ज्या रूपात लिहून ठेवते, त्या रूपातूनच ते चालविण्याचे साधन जन्मास येते. साधनांच्या गुणदोषांची चर्चा या मूळ गोष्टीकडे पाहिल्यावाचून केली, तर ती बहुधा आवडीनिवडीच्या पलीकडे जात नाही.

या परंपरेचा उगम शोधावयाचा तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात जावे लागते. एकाच अवाढव्य संगणकावर अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या टंकयंत्रासमोर बसून काम करावे, अशी व्यवस्था तेथे सीटीएसएस या नावाने नुकतीच सिद्ध झाली होती. प्रत्येक आज्ञा माणसाने टंकावी आणि यंत्राने ती पाळावी, असा तिचा रिवाज होता. लुई पूझां नावाचे एक फ्रेंच अभियंते तेथे काम करीत असत. नेहमी लागणाऱ्या आज्ञांची मालिका एका फाइलीत लिहून ठेवावी, बदलत्या नावांसाठी तीत जागा मोकळ्या सोडाव्यात, आणि मग ती सबंध मालिका एकाच आज्ञेने चालवावी, अशी योजना त्यांनी केली. तिचे नाव रनकॉम. पुढे मल्टिक्स या नव्या प्रणालीची आखणी सुरू झाली, तेव्हा माणसाच्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा भाग प्रणालीच्या गाभ्यापासून अलग असावा, हा विचारही त्यांनीच मांडला आणि त्या भागाला शेल हे नाव दिले. हेच पूझां फ्रान्सला परतल्यावर १९७०च्या दशकात सिक्लाद नावाचे संगणकजाळे उभारते झाले, आणि त्या जाळ्यातील डेटाग्रॅमची, म्हणजे आपली वाट स्वतंत्रपणे शोधणाऱ्या पाकिटाची, कल्पना आजच्या इंटरनेटच्या पायाशी जाऊन बसली. आज्ञा लिहून ठेवण्याची विद्या आणि जाळे विणण्याची विद्या या दोहोंच्या आरंभी एकच माणूस उभा असावा, ही गोष्ट या व्यवसायात आयुष्य घालविणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

शेलला खरे सामर्थ्य लाभले ते युनिक्समध्ये. १९६९ साली न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली रचावयास घेतली. आणि संस्थेने त्यांना पीडीपी-११ हे नवे यंत्र मंजूर केले, ते पेटंट खात्याचे अर्ज टंकून छापण्याची सोय करून देण्याच्या बोलीवर. मजकुराची सेवा हेच जिचे पहिले प्रकट कार्य, त्या प्रणालीने आपला स्वतःचा कारभारही मजकुरातच ठेवावा, हे स्वाभाविक होते. वापरणाऱ्यांची यादी, यंत्रांची नावे, रात्री चालावयाच्या कामांचे वेळापत्रक, घडलेल्या घटनांची रोजकीर्द, सारे काही ओळीओळींच्या साध्या फाइलीत असे, आणि ते माणसास जसे वाचता येई तसेच प्रोग्रॅमलाही. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात जावा, अशी मागणी डग्लस मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजीच एका टिपणात करून ठेविली होती; ती १९७३ साली टॉमसन यांनी एका रात्रीत पुरी केली, आणि पाइप अस्तित्वात आला.

एका उदाहरणाने त्याचे मर्म ध्यानात येईल. एखाद्या सर्व्हरवर कोणी परका रात्रभर निरनिराळे पासवर्ड लावून पाहत असावा, असा संशय आला, आणि प्रवेशाच्या नोंदींची फाइल तर लक्षावधी ओळींची. कारभारी ‘ग्रेप’ला सांगतो की, ज्या ओळींत ‘फेल्ड’ हा शब्द असेल तेवढ्याच काढ, त्या ओळी पाइपमधून ‘ऑक’कडे जातात आणि तो प्रत्येक ओळीतून केवळ पत्त्याचा रकाना उचलतो, ‘सॉर्ट’ ते पत्ते क्रमाने लावतो, ‘युनिक’ सारख्या पत्त्यांची एकेकच ओळ राखून तीपुढे संख्या मांडतो, आणि पुन्हा एकदा ‘सॉर्ट’ त्या संख्या उतरत्या क्रमाने लावून देतो. एका ओळीत मावणाऱ्या पाच आज्ञा, आणि उपद्रवी पत्ता यादीच्या शिरोभागी! यांतील एकही प्रोग्रॅम सुरक्षेसाठी लिहिलेला नव्हता. एकालाही दुसऱ्याची वार्ता नव्हती. त्या सर्वांना बांधणारा दुवा एकच, आणि तो म्हणजे मजकुराची ओळ.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, तीत स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला नवा शेल होता. अटी, आवर्तने आणि चलपदे यांची त्यात पुरी सोय असल्यामुळे आज्ञांच्या यादीला प्रोग्रॅमचे स्वरूप आले. त्याच आवृत्तीतील ‘क्रॉन’ ठरावीक घटकेला ठरावीक काम उरकू लागला, आणि १९७७ साली सिद्ध झालेले ‘ऑक’ही तिच्यात होते. अमेरिकी सरकारशी १९५६ साली झालेल्या करारान्वये ए टी अँड टी या कंपनीस दळणवळणाबाहेरचा व्यापार करण्याची मुभा नसल्याकारणाने, युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळत गेले, आणि त्याबरोबर शेलच्या स्क्रिप्ट लिहिणारी एक सबंध पिढीच तयार झाली.

येथवर यंत्र एक आणि माणसे अनेक, असा मामला होता. १९८०च्या दशकात तो पालटला. यंत्रे अनेक झाली. बर्कलेच्या युनिक्समधील ‘आरएसएच’मुळे एका यंत्रावर बसून दुसऱ्याला हुकूम सोडता येऊ लागला, आणि कोणत्या यंत्राने कोणाचा हुकूम बिनतक्रार मानावा याची यादी साध्या फाइलीत लिहून ठेवण्याचा प्रघात पडला. हा विश्वास किती महाग पडू शकतो, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. त्या दिवशी सुटलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे जाळ्यातून स्वतःच पसरत जाणाऱ्या प्रोग्रॅमने, अन्य छिद्रांबरोबर याच परस्परविश्वासाचा लाभ घेऊन यंत्रामागून यंत्र ग्रासले. तरीही खरा उपाय होण्यास आणखी सात वर्षे जावी लागली. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकल्यानंतर, १९९५ साली तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिले. आणि जाळ्यातून जाणारा हुकूम गुप्त राहील, तो देणाऱ्याची ओळखही पटेल, अशी तजवीज प्रथमच सर्वांच्या हाती आली.

दूरदूरच्या यंत्रांचा कारभार एकत्र आणताना शेलच्या मर्यादाही उघड्या पडल्या. लॅरी वॉल यांच्याकडे अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळून सहा व्हॅक्स आणि सहा सन यंत्रांचे काम होते, आणि अनेक फाइलींत विखुरलेल्या माहितीतून अहवाल तयार करावयाचे होते. एका फाइलीत जे आढळले त्यावरून दुसरी उघडावी, तीतून तिसरी, हे ऑकच्या आवाक्याबाहेरचे होते. वॉल यांनी त्यासाठी नवी भाषाच रचली आणि १८ डिसेंबर १९८७ रोजी ती जगाच्या हवाली केली, तीच पर्ल. मजकूर चाळण्याचे, फोडण्याचे व पुन्हा जुळविण्याचे जे सामर्थ्य तिच्यात होते, त्यामुळे पुढील दीड दशक जाळ्याच्या कारभाऱ्यांची ती मातृभाषा होऊन राहिली. इंग्लंडमधील लेस्टर येथील विद्यापीठात १९९४ साली ६४ किलोबिटची एकच इंटरनेट वाहिनी होती. तीवरील वाहतुकीचा चढउतार साऱ्यांना आलेखात दिसावा म्हणून टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हा प्रोग्रॅम लिहिला, तो पर्लमध्येच.

पर्ल निघाली त्याच सुमारास अ‍ॅम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणितसंस्थेत गिदो व्हान रॉसम अमीबा नावाच्या वितरित प्रणालीवर काम करीत होते. तिच्या व्यवस्थेसाठी छोटी साधने लिहिताना त्यांची कुचंबणा होई: सी भाषेत वेळ फार जाई, आणि बोर्न शेलला अमीबाच्या अंतरंगाशी बोलता येत नसे, कारण त्या प्रणालीची व्यवहाराची रीतच निराळी होती. १९८९च्या डिसेंबरात त्यांनी या दोहोंच्या मधली भाषा रचण्यास घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये पायथन प्रसिद्ध केली. युनिक्सच्या मजकुरातून पर्ल निघाली आणि अमीबाच्या अंतरंगातून पायथन. मात्र दोहोंच्या स्वभावात एक भेद होता, जो पुढे निर्णायक ठरला. एकच गोष्ट अनेक प्रकारे लिहिता यावी, यात पर्ल भूषण मानीत असे, आणि घाईत लिहिलेली पर्लची स्क्रिप्ट वर्षभराने तिच्या कर्त्यासही उमगेना. पायथनने मात्र ओळींच्या मांडणीपासूनच शिस्त लावली आणि परक्याचा लेख वाचता येणे हे आपले पहिले कर्तव्य मानले.

आपल्याकडेही या विद्येचा प्रवेश युनिक्सच्याच मार्गाने झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली हाती घेतलेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी ही संस्था, पवईची आयआयटी व अन्य संस्था सहभागी होत्या, आणि टेलिफोनच्या तारांवरून यंत्रायंत्रांत ई-मेलची देवघेव सुरू झाली ती युनिक्सच्या यूयूसीपी या फाइली पोचविणाऱ्या सोयीमधून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा कित्येक मध्यमवर्गीय घरांत ते शेल अकाउंटच्या रूपाने आले. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून ‘पाइन’मध्ये पत्रे वाचणाऱ्या त्या मुलांना आपण मरे हिलच्या परंपरेत बसलो आहो याची कल्पना नव्हती, परंतु जाळ्याचा कारभार शब्दांनी चालतो, हा संस्कार त्यांच्यावर तेथेच झाला.

राउटर आणि स्विच यांची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी होती. त्यांच्या आत काय आहे हे पाहण्यास फाइली नसत. समोर बसलेल्या माणसाशी प्रश्नोत्तरे करणारा एक पडदा तेवढा असे. यंत्राला माणसाशीच बोलावयाचे असेल, तर प्रोग्रॅमने माणसाचे सोंग घेणे भाग होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डॉन लाइब्स यांनी १९९० साली नेमके तेच केले. जॉन औस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेच्या आधारे लिहिलेल्या त्यांच्या ‘एक्सपेक्ट’ने पडद्यावर ‘पासवर्ड’ हा शब्द उमटण्याची वाट पाहावी, तो उमटताच पासवर्ड पाठवावा, मग पुढील चिन्हाची वाट पाहावी, मग पुढील आज्ञा द्यावी. या युक्तीवर जगातील असंख्य जाळी वर्षानुवर्षे चालली. परंतु उत्पादकाने पुढील आवृत्तीत त्या प्रश्नातील एखादा शब्द बदलला, की स्क्रिप्ट कधीही न येणाऱ्या शब्दाची वाट पाहत ताटकळत राही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एसएनएमपीने यंत्रांची विचारपूस करण्याचा एक सर्वमान्य मार्ग दिला खरा, पण त्याचा उपयोग पाहणीपुरता राहिला. यंत्राची मांडणी बदलावयाची झाली की कारभारी पुन्हा एक्सपेक्टकडे वळत. त्याच एक्सपेक्टच्या आणि पर्लच्या साह्याने रॅन्सिड नावाचे एक साधन १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाले. ते प्रत्येक राउटरची मांडणी उतरवून दप्तरी ठेवी आणि कालच्या व आजच्या प्रतींत जो फरक पडला असेल तो कारभाऱ्यास पत्राने कळवी. जे यंत्र आपले दप्तर ठेवीत नव्हते, त्याचे दप्तर बाहेरून ठेवण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्याची उपयुक्तता अजून सरलेली नाही.

तथापि या इतिहासातील सर्वांत मोठे वळण यंत्राच्या अंगाने आले नाही, ते विचाराच्या अंगाने आले. ऑस्लो विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकीचे संशोधन करणारे मार्क बर्जेस यांच्याकडे त्या विभागातील संगणकांची देखरेखही होती. निरनिराळ्या उत्पादकांच्या युनिक्ससाठी शेलच्या स्क्रिप्टांचे भेंडोळे सांभाळताना त्यांना जे दिसले, त्यातून १९९३ साली सीएफइंजिन जन्मास आले. शेलच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असते की, अमुक फाइलीत अमुक ओळ जोड. ती स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तर ओळ दोनदा जोडली जाते, आणि मधल्या काळात कोणी ती ओळ पुसली तर स्क्रिप्टला त्याचा पत्ताही नसतो. सीएफइंजिनमध्ये लिहावयाचे ते एवढेच की, अमुक फाइलीत अमुक ओळ असावी. असेल तर यंत्राने काही करू नये, नसेल तर घालावी. हे विधान शंभर वेळा चालविले तरी परिणाम तोच. पाटलास ‘उद्या तळ्याचा बांध दुरुस्त कर’ असा हुकूम धाडणे निराळे, आणि ‘बांध सदैव शाबूत असावा, ही गावाची जबाबदारी’ असा शिरस्ता घालून देणे निराळे. बर्जेस यांनी संगणकांच्या कारभारात या दुसऱ्या रीतीची प्रतिष्ठापना केली. १९९८ साली त्यांनी संगणकाच्या रोगप्रतिकारशक्तीवर निबंध लिहिला, तोही याच विचाराचा विस्तार होता: यंत्र बिघडणारच, हे गृहीत धरून ते आपल्या ठरलेल्या स्थितीकडे आपोआप परत येईल अशी योजना असावी. ल्यूक केनीस यांचे पपेट २००५ साली आणि अ‍ॅडम जेकब यांचे शेफ २००९ साली निघाले, ते याच वाटेने.

विंडोजच्या मुलखात काय चालले होते, हे पाहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. कारण कंपन्यांच्या कचेऱ्यांत मेजामेजावर विंडोजच होते. तेथील कारभार खिडक्या उघडून, चौकटींत खुणा करून चालावा, अशी रचना होती. एकट्या यंत्रास ती सोयीची, शेकडो यंत्रांस जाचक. मायक्रोसॉफ्टमधील जेफ्री स्नोव्हर यांनी प्रथम युनिक्सची साधने विंडोजवर आणून पाहिली. ती चालली, पण उपयोग होईना. युनिक्सचा कारभार मजकुराच्या फाइलींत, तर विंडोजचा रजिस्ट्री नावाच्या मांडणीच्या कोठारात आणि प्रोग्रॅमनीच हाताळावयाच्या वस्तूंत. तेव्हा ओळी चाळणाऱ्या ग्रेपला तेथे चाळावयास ओळीच नव्हत्या. यावर त्यांनी काढलेला मार्ग असा की, पाइप राहू द्यावा, पण त्यातून मजकुराऐवजी सबंध वस्तूच, तिच्या गुणधर्मांसकट, वाहावी. ऑगस्ट २००२ मध्ये त्यांनी ही योजना लेखी मांडली, तिच्यापायी पदावनतीही सोसली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये पॉवरशेल बाहेर पडले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हर २००७ या टपालव्यवस्थेची दृश्य चौकटच पॉवरशेलवर उभारली गेली. माणूस बटण दाबी, आणि आत आज्ञाच चाले. ऑगस्ट २०१६ मध्ये पॉवरशेलचा मूळ मजकूर सर्वांस खुला झाला आणि ते लिनक्सवरही चालू लागले.

राउटरांचा प्रश्न तोवर लोंबकळतच होता. जून २००२ मध्ये इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या मंडळींनी जाळी प्रत्यक्ष चालविणाऱ्यांना पाचारण करून त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. कारभाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते: आम्हास यंत्राची मांडणी मजकुराच्या रूपात काढता यावी, दोन प्रतींतील फरक पाहता यावा, मांडणी आणि प्रत्यक्ष स्थिती यांच्यात गल्लत नसावी, आणि बदल करावयाचा तो सबंध जाळ्याचा एकसमयावच्छेदेकरून करता यावा. या मागण्यांतून डिसेंबर २००६ मध्ये यंत्राची मांडणी वाचण्या-बदलण्याची नेटकॉन्फ ही रीत आणि ऑक्टोबर २०१० मध्ये मांडणीचे वर्णन करणारी यांग ही भाषा मान्य झाली. राउटरला माणसाचे सोंग न घेता विचारण्याची सोय आता झाली होती. मायकेल डीहान यांचे अ‍ॅन्सिबल २०१२ साली निघाले आणि त्याने आजवरचे अनेक प्रवाह एकत्र केले: वाहतूक एसएसएचची, अंतरंग पायथनचे, विचार सीएफइंजिनचा, आणि लेखन इतके साधे की प्रोग्रॅमर नसलेल्यासही ते वाचून अर्थ लागावा. ज्या यंत्राची व्यवस्था करावयाची त्यावर अ‍ॅन्सिबलचा वेगळा अंमलदार बसवावा लागत नाही, ही सोय राउटरांच्या बाबतीत फार मोलाची ठरली.

परंतु हात जितका लांब, तितकी चूकही लांब पोचते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीच्या कामात, मुख्य जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने ते मुख्य जाळेच सर्वत्र तुटले. अशा आज्ञा तपासून अडविणारा प्रोग्रॅम तेथे होता, पण त्यातच दोष असल्याने त्याने ती अडविली नाही; आणि सुमारे सहा तास कोट्यवधी लोकांचा व्यवहार थांबला. चूक कोणत्या भाषेत झाली, हा येथे प्रश्नच नाही. पन्नास वर्षांत एका हुकमाची पोच एका यंत्रावरून सबंध पृथ्वीवर गेली आहे. अशा हुकमाची परीक्षा तो सुटण्यापूर्वी माणसाच्या डोळ्यांनी व्हावयास हवी, आणि ती होण्यासाठी तो वाचता येण्याजोगा असावा लागतो.

ज्यास आज साधन निवडावयाचे आहे, त्याला या इतिहासातून दोन गोष्टी निःसंदिग्धपणे मिळतात. पहिली अशी की, आपली यंत्रे आपला कारभार कोणत्या रूपात ठेवतात, हे आधी पाहावे: जेथे मजकूर आहे तेथे शेल अजूनही अजिंक्य आहे, जेथे वस्तू आहेत तेथे पॉवरशेलशी भांडू नये, आणि जेथे केवळ पडदा आहे तेथे एक्सपेक्टची जुनी युक्ती कमीपणाची मानू नये. दुसरी अशी की, शेकडो यंत्रांचा बंदोबस्त ठेवावयाचा तर हुकमांच्या भेंडोळ्यांपेक्षा शिरस्त्यांचे दप्तर श्रेयस्कर, आणि ते दप्तर अशा भाषेत असावे की ते लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी मागून येणाऱ्यास त्याचा हेतू कळावा. पर्लचे राज्य ओसरले ते तिचे सामर्थ्य उणे पडले म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याच्या सोयीपुढे वाचणाऱ्याची सोय तिने दुय्यम मानली म्हणून, असे माझे मत आहे. नव्या माणसास कामावर घेताना त्याला कोणकोणत्या भाषा लिहिता येतात, हे आपण आवर्जून विचारतो. त्याऐवजी दुसऱ्या कोणी लिहिलेली, चालू असलेली एक स्क्रिप्ट त्याच्यापुढे ठेवावी आणि ती उद्या पहाटे चालली तर कोणत्या यंत्रावर काय बदलेल, हे त्याला सांगावयास लावावे. ज्याला हे सांगता येते, त्याच्या हाती कोणतेही साधन निर्धास्तपणे सोपविता येते.